"रोजचा पंप चालू आहे ना?"



आज पाठ, स्वाध्याय, उपक्रम सगळं बाजूला ठेवून घरातलं लिहिते आहे. दोन वर्षं लिहू लिहू म्हणत होते. पण लिहायचं तर माझीच एक चूक सांगावी लागणार, म्हणून हात मागे यायचा.

माझा धाकटा मुलगा, घरात आम्ही त्याला दादू म्हणतो, आता दुसरीत आहे. अडीच-तीन वर्षांचा असल्यापासून त्याला रात्रीचा खोकला. दिवसा उड्या मारणार, अंगणभर पळणार, काही नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकला सुरू झाला की थेट पहाटेपर्यंत. छातीला कान लावला की आत मांजर झोपल्यासारखी घरघर. सर्दी आठवड्यात जायची, खोकला महिनाभर राहायचा. कोणी म्हणे ॲलर्जी, कोणी म्हणे बाळदमा, कोणी म्हणे वय वाढलं की जातं. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या खिडकीत रांगेनं उभ्या असायच्या.

सासूबाई तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीनं त्याची छाती शेकायच्या. त्या उबेनं त्याला झोप लागायची, हे मी नाकारत नाही. पण त्या निखाऱ्यावर ओवा, शेपा, लसणाची सालं टाकून धुरीही द्यायच्या, बाळंतपणापासून देत आल्या होत्या तशीच. आणि धुरीनंतर तो हमखास जास्त खोकायचा. एवढी साधी गोष्ट जुळवायला आम्हाला वर्ष लागलं. नात्यातल्या एकांनी तर मृगाला हैदराबादला जाऊन मासा घ्या म्हणून सांगितलं. आमच्या लातूर भागातून माणसं जातात तिकडे. जिवंत लहान मासा, त्याच्या तोंडात पिवळं औषध, आणि तो तसाच गिळायचा. तीन वर्षांच्या पोराच्या घशात जिवंत मासा, या कल्पनेनंच माझ्या पोटात गोळा आला, म्हणून गेलो नाही. शास्त्रीय विचार करून गेलो नाही असं खोटं म्हणणार नाही. भीती वाटली, एवढंच.

चौथं वर्ष लागल्यावर तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा सरळ 'दमा' हा शब्द वापरला आणि दोन पंप लिहून दिले. एक निळा, त्रास होईल तेव्हाचा. दुसरा रोजचा, सकाळ-संध्याकाळ, त्रास असो वा नसो. सोबत स्पेसर, म्हणजे प्लॅस्टिकचा लांबट डबा, एका टोकाला पंप बसतो आणि दुसऱ्या टोकाला नाका-तोंडावर बसणारा मास्क. मी शिक्षिका. फळ्यावर फुप्फुसांची आकृती काढून श्वसनसंस्था शिकवते. आणि मीच तो पंप दुकानातून आणताना पिशवीच्या तळाशी घातला आणि वर मेथीची जुडी ठेवली.

दोन महिने रोजचा पंप दिला. खोकला थांबला. दादू रात्रभर झोपायला लागला. मग माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. यात स्टिरॉइड आहे, सवय लागेल, पंप एकदा लागला की सुटत नाही म्हणतात. कुणी मला बंद कर म्हणून सांगितलं नाही. सासूबाईंनी नाही, ह्यांनी नाही. सप्टेंबरात मी आपणहून बंद केला. घरात कुणाला सांगितलंही नाही.

ऑक्टोबर आला. आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची मळणी असते. मळणीयंत्राचा भुसा गावभर उडतो, वाळत घातलेल्या कपड्यांवरही बसतो. त्यात दिवाळीची साफसफाई, माळ्यावरचं सामान खाली काढणं, भिंतींना रंग. त्यातच त्याला सर्दी झाली. अशा एका रात्री जाग आली तर दादू अंथरुणात उठून बसलेला. दोन्ही हात पुढे टेकवून, खांदे वर ओढून. खोकतही नव्हता. गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत जात होती, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. मी विचारलं, "पाणी पाहिजे का रे?" तर त्याला 'हो' सुद्धा एका दमात म्हणता येईना.

निळा पंप काढला. दाबला. फुसफुस आवाज आला, पण औषध संपलेलं होतं. आतला वायू शिल्लक असला की फवारा उडाल्यासारखा वाटतो. पाण्यात टाकून डबी तरंगते का बघायची, असं शेजारच्या वहिनींनी शिकवलं होतं आणि मी तसंच बघायची. ती पद्धत चुकीची आहे, त्यानं काही कळत नाही. शेजारच्यांची गाडी काढून तालुक्याला पोहोचेपर्यंतचा रस्ता मी लिहिणार नाही.

दवाखान्यात वाफेच्या यंत्रातून औषध आणि ऑक्सिजन सुरू केल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "रोजचा पंप चालू आहे ना?"

मी म्हणाले, "हो."

ते क्षणभर थांबले. म्हणाले, "मग डोस वाढवावा लागेल. चालू असूनही एवढा झटका आला म्हणजे..." आणि पेन उघडलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या खोटेपणानं पोराला नको तेवढं औषध जाणार, हे तेव्हा डोक्यात शिरलं आणि मी खरं सांगितलं.

ते रागावले नाहीत. केसपेपरच्या मागे त्यांनी तीन गोल काढले. पहिला गोल म्हणजे श्वासाची चांगली नळी. दुसऱ्यात नळीचं अस्तर आतून सुजलेलं. तिसऱ्यात सूज आहेच, वर नळीभोवतीचा स्नायू आवळलेला. म्हणाले, निळा पंप स्नायू सैल करतो, काही मिनिटांत, आणि काही तासच. सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप, हळूहळू, आठवडे घेऊन. पोरगं बरं दिसतं ते त्या पंपामुळे. तुम्ही बरं दिसतंय म्हणून तोच बंद केला. सवय लागण्याबद्दल म्हणाले, चष्म्याची सवय लागते म्हणतो का आपण? ते उदाहरण मी नंतर कितीतरी पालकांना दिलं आहे.

स्टिरॉइडचंही त्यांनी झाकून ठेवलं नाही. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, साधारण एखाद्या सेंटीमीटरचा. पण सारखा धापा टाकणारा, रात्री न झोपणारा मुलगाही नीट वाढत नाही. शिवाय पंपातलं औषध फार थोडं. निळ्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. तेच औषध पातळ स्वरूपात पाजलं तर एका लहान चमच्यात 2 मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट, आणि ते पोटातून सगळ्या अंगभर फिरून मग छातीत पोहोचणार. मी इतकी वर्षं बाटलीला साधं आणि पंपाला जहाल समजत होते! तरी आई ती आई. दाराच्या चौकटीवर दादूची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलीनं मारते. वाढतोय.

आता घरचं सांगते, कारण पालक हेच जास्त विचारतात.

स्पेसर आमच्याकडे दात घासायच्या ब्रशशेजारी असतो. पंप आधी हलवायचा, एका वेळी एकच दाब, मग मास्क घट्ट धरून सहा श्वास. सुरुवातीला दादू रडायचा, तोंड फिरवायचा. रडणाऱ्या पोराच्या छातीत औषध नीट जात नाही. मग मी मास्क आधी त्याच्या टेडीला लावला, मग माझ्या तोंडाला, आणि श्वास मोजायचं काम त्याच्याकडे दिलं. एक ते सहा तो तिथेच शिकला, बालवाडीत नाही. नंतर दोनचा पाढा लावला, दोन, चार, सहा, बारापर्यंत. पंप झाला की चूळ भरायची आणि मास्कखालचं तोंड धुवायचं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. म्हणून पंप आधी आणि ब्रश नंतर, हा क्रम ठरून गेला. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा. फडक्यानं पुसायचा नाही. पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. (सहावी-सातवीच्या मुलांना केसात फिरवलेल्या फुग्याचा प्रयोग दाखवताना हे उदाहरण जरूर सांगा.)

रोजच्या पंपात 200 दाब. दिवसाला दोन. म्हणजे 100 दिवस. नवीन पंप उघडला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर दादू शंभराव्या दिवसाला गोल करतो. निळ्याच्या दाबांचा हिशेब दाराआडच्या कागदावर, पाचपाचच्या जुड्या करून. निळा जास्त वेळा लागायला लागला, तर ती डॉक्टरांकडे जायची वेळ.

त्याच दारावर डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. बरा असताना काय द्यायचं, सर्दी-खोकला सुरू झाला की काय, आणि कशावर थेट दवाखाना गाठायचा. बोलताना दम लागून वाक्य तुटणं, छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं, निळ्याचा आराम चार तासही न टिकणं. गाडी येईपर्यंत मुलाला आडवं करायचं नाही, बसतं ठेवायचं आणि निळा पंप चालू ठेवायचा. किती दाब, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ती चिठ्ठी दादूची आहे. तुमच्या मुलाची तुमच्या डॉक्टरांकडून हक्कानं मागून घ्या.

धुरी बंद झाली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शेक तर देऊ का नको?" शेक अजून चालू आहे. डासांच्या कॉईलऐवजी मच्छरदाणी आली. मिरचीची फोडणी द्यायची झाली की त्या स्वतःच ओरडतात, "दादू, अंगणात पळ!"

इथपर्यंत घरचं झालं. खरं अवघड पुढे आहे.

त्याच वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, अक्षर सुंदर. पण वर्ग झाडायची तिची पाळी असली की गैरहजर. कवायतीत दोन फेऱ्या झाल्या की खाली बसणार. मी तिला सगळ्यांसमोर "कामचोर" म्हटलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, तिची पाळी आली, आणि त्या दिवशी ती आली होती. माझ्या बोलण्याला घाबरूनच आली असणार. झाडू हातात घेतला, धूळ उडाली, आणि ती खिडकीला धरून उभी राहिली. खांदे वर ओढलेले. गळ्याखालची खळी आत जात होती.

मी ती खळी ओळखली. तीन आठवड्यांपूर्वी माझ्याच अंथरुणात बघितली होती.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, "बाई, दम्याचं नाव काढू नका. गावात बोभाटा झाला तर उद्या पोरीला कोण करील?" आठ वर्षांची पोर. मी काय बोलणार होते? मेथीच्या जुडीखाली पंप लपवणारी मीच. तेच त्यांना सांगितलं. ती रात्र, रिकामा पंप, डॉक्टरांशी बोललेलं खोटं, सगळं. ते ऐकत राहिले. तिची आई दारातून म्हणाली, "रातभर बसून असती ओ ती, बाई."

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा आपल्या शाळेत तपासणीला येतं, हे आपल्याला माहीत आहे. वजन-उंची घेऊन रकाने भरले जातात. पण त्यांच्या तपासणीच्या यादीत श्वासनलिकेचा हा त्रासही आहे आणि पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी देता येते, हे मी तोपर्यंत कधी नीट वाचलं नव्हतं. त्या वेळी पथकातल्या डॉक्टरांना मी तिला आधी दाखवलं आणि मला जे दिसलं होतं ते सांगितलं. पुढे सरकारी दवाखान्यात तिला पंप मिळाला. स्पेसर नव्हता, तर तिथल्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून दिलं. त्यानंही काम होतं.

आमच्या वर्गात आता आधी पाणी शिंपडून मग झाडतात, आणि फळा ओल्या फडक्यानं पुसतो. तिचा निळा पंप सुरुवातीला मी कपाटात ठेवला होता. एकदा लागला तेव्हा कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि मुख्याध्यापक केंद्रावर बैठकीला! तेव्हापासून तो माझ्या टेबलामागच्या खिळ्याला पिशवीत लटकतो, सगळ्यांना दिसेल असा. "कामचोर"बद्दल मी तिची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. ती काही बोलली नाही, नुसती लाजली.

ती आता पाचवीत आहे. गेल्या महिन्यात दादूच्या शाळेला सुट्टी होती म्हणून तो माझ्यासोबत आला होता. पळून आल्यावर तिनं खिळ्याची पिशवी काढली आणि बाटलीला पंप लावला. दादू शेजारी जाऊन उभा राहिला.

"ताई, आधी हलव. मग सहा मोजायचे."

"येतंय मला," ती म्हणाली. आणि तरी पुन्हा एकदा हलवला.