अखत्यारातली रांग

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सहकारी गृहसंस्थेत इंटरनेटची तार गच्चीवरून गच्चीवर लोंबकळत येण्याचे दिवस सरून फायबरची बारीक केबल घरात शिरली, तेव्हा सेकंदाला 40 मेगाबिटचा वेग पदरी पडला म्हणजे या विषयातील सर्व तक्रारींचा निकाल लागला, असा हवाला केबलवाल्याने दिला होता. रात्रीची जेवणे आटोपल्यावर व्हॅलोरंट नावाचा गोळीबाराचा खेळ दूरदूरच्या सवंगड्यांशी खेळणाऱ्या माझ्या नातवाने तो कधीच मान्य केला नाही. ऐन मोक्याच्या क्षणी पडद्यावरचे चित्र थिजते आणि पुन्हा हलू लागते तोवर आपला गडी मेलेला असतो, ही त्याची फिर्याद. ‘‘आजोबा, मी हरत नाही, लॅग मला हरवतो,’’ हे तिचे तात्पर्य. कंपनीच्या दूरध्वनीवरून मिळालेले उत्तर एकच: 100 ची योजना घ्या. मी न्यायालयाच्या नाझर कचेरीत आयुष्य काढलेला माणूस. फिर्यादीचे म्हणणे सविस्तर ऐकून घ्यावे, पण पंचनाम्यावाचून कागद पुढे सरकवू नये, ही सवय हाडीमाशी खिळलेली.

नातवाच्या मित्रमंडळीत या व्याधीवर जे उपचार प्रचलित होते त्यांचा तपशील त्याने लिहूनच ठेवला होता. डीएनएसचा पत्ता बदलावा, हा त्यांतला पहिला. परंतु डीएनएसचे काम नावावरून पत्ता शोधून देण्यापुरते, आणि एकदा पत्ता हाती येऊन खेळ सुरू झाला की पुढच्या व्यवहाराशी त्याचा संबंध उरत नाही. दुसरा उपचार अधिक भारदस्त: विंडोजच्या रजिस्ट्रीत शिरून काही नोंदी नव्याने लिहायच्या, म्हणजे नेगलची पद्धत बंद पडते. जॉन नेगल यांनी 1984 साली मांडलेली ही पद्धत अगदी लहान पॅकेटे सुटीसुटी न पाठवता किंचित थांबवून एकत्र पाठवते, तेव्हा ती बंद करण्याचा सल्ला वरवर पाहता सयुक्तिकच वाटतो. मात्र तिचा अंमल टीसीपी या पाठवणीच्या रीतीपुरता चालतो, आणि असले खेळ आपला प्रत्यक्ष खेळाचा व्यवहार यूडीपी या दुसऱ्या रीतीने करतात. त्या नोंदींनी आमच्याकडे काही बिघडले नाही आणि सुधारलेही नाही.

खेळाचा सर्व्हर कोठे आहे, हा प्रश्न मात्र खरोखर मुद्द्याचा होता. तो सिंगापूरला असेल, तर ते येथून सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला जवळजवळ दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन येण्यास 40 मिलिसेकंदांच्या आसपास काळ लागणारच, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या केबली तुटल्या तेव्हा मुंबईच्या कचेऱ्यांनाही त्याची झळ पोचली होती. ती आठवण काढून सूनबाईंनी सगळा दोष समुद्रावर ढकलला. परंतु समुद्री केबलींपैकी काही ज्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात, तिथवर जाण्याचे आमच्या पॅकेटांना कारणच नव्हते, कारण व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईतही आहेत आणि नातवाने तेच निवडलेले होते. मुलुंडहून निघून मुंबईतच पोचायचे, आणि तरीही हा विलंब!

तेव्हा संगणकाच्या काळ्या खिडकीत, पॅकेट जाऊन परत येण्यास किती मिलिसेकंद लागतात ते सांगणारी पिंगची आज्ञा देऊन आम्ही दोघे पंचनाम्यास बसलो. आरंभ घरच्या राउटरपासून केला. तो दिवाणखान्यात टीव्हीच्या शोकेसवर, नातवाची खोली दोन भिंतींपलीकडे. वायफायवरून येणारे आकडे तीन, चार, मध्येच साठ, पुन्हा पाच, असे उड्या मारीत होते. मोबाईलवर पाहिले, तर शेजारपाजारच्या वायफायांची नावे बोट सरकवता संपेनात, आणि बहुतेकांची गर्दी 2.4 गिगाहर्ट्झच्या त्या पट्ट्यात, जेथे एकमेकांना अडथळा न करणारी चॅनेले तीनच: 1, 6 आणि 11. वायरमन बोलावून छताच्या कडेने लॅनची केबल ओढून घेतली, दाराच्या चौकटीला भोक पाडल्याबद्दल सूनबाईंची नाराजी पत्करली, आणि राउटरपर्यंतचा काळ एका मिलिसेकंदाच्या आत आला तो तेथेच स्थिरावला. बाहेरच्या सर्व्हरचा आकडा सात-आठ. मग सूनबाईंनी आपला मोबाईल चार्जिंगला लावला, तो दिवसभराची छायाचित्रे आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागला, आणि तोच आकडा बघता बघता नव्वद, दीडशे, तीनशेवर गेला.

प्रकरणाची मेख येथे होती. मोबाईल उपलब्ध वेग सगळा व्यापतो आणि जे मावत नाही ते यंत्राच्या स्मृतीत रांग धरून उभे राहते. केवळ पुढची तारीख विचारायला आलेला पक्षकार, नकलांच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन आलेल्या कारकुनामागे खिडकीवर जसा ताटकळतो, तसे खेळाचे चिमुकले पॅकेट त्या छायाचित्रांमागे ताटकळत होते. सर्व्हर सेकंदाला 128 वेळा खेळाची स्थिती नव्याने मांडतो, या हिशेबाने तीनशे मिलिसेकंदांत अडतीस वेळा डाव पुढे सरकलेला.

हे दुखणे जुने आहे. 1986 साली कॅलिफोर्नियात बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथले विद्यापीठ यांमधील, अंतर अवघे चारशे यार्ड, जोडणीचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला होता. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये गर्दी आवरण्याचे जे नियम मांडले, ते पॅकेट गळाले म्हणजे गर्दी झाली असे ओळखतात. पुढे स्मृती स्वस्त झाली, एकही पॅकेट गळू नये म्हणून यंत्रे बनवणाऱ्यांनी रांगेला गरजेपेक्षा फार मोठी जागा करून दिली, आणि पाठवणाऱ्याला गर्दीची वर्दी वेळेवर पोचेनाशी झाली. जिम गेटिस या अभियंत्याने 2010 च्या सुमारास हा प्रकार आपल्या घरच्याच जोडणीवर हेरून त्याला बफरब्लोट म्हटले, आणि 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्यासह उपाय सुचवणारे पुन्हा जेकबसनच.

त्या उपायाच्या वंशातली केक नावाची रांगव्यवस्था ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत मिळते. नातवाने कोठूनसा एक जुना राउटर पैदा करून त्यावर ती बसवली आणि वेगाच्या रकान्यात आम्ही जाणूनबुजून 40 ऐवजी 36 लिहिले. पैसे मोजून घेतलेल्या वेगातले चार मेगाबिट आपणच सोडून द्यावेत, हे सूनबाईंना काही केल्या पटेना. पण पूर्ण वेग घेतला तर रांग कंपनीच्या यंत्रात साचते, जेथे आपला अखत्यार चालत नाही; किंचित कमी घेतला तर ती आपल्याच राउटरात साचते, आणि तेथे प्रत्येकाला पाळीपाळीने वाट देण्याचा बंदोबस्त आपल्या हाती राहतो. आता छायाचित्रे चढत असतानाही आकडा दहा-बाराच्या वर जात नाही. नातू हरतो अजूनही; कारण मात्र त्याला दुसरे शोधावे लागते.

100 च्या योजनेची दरखास्त आम्ही दिलीच नाही. ज्यांच्या घरी हाच तंटा चालू असेल त्यांनी घरातला एखादा मोबाईल मोठा व्हिडिओ वर चढवीत असताना पिंगचा आकडा किती वाढतो, हे आधी पाहावे, आणि मगच जादा पैसे भरण्याचा विचार करावा.