आईची अक्कलदाढ आणि झोपेचं इंजेक्शन

हळद शिजवायचे दिवस होते. आईची खालची अक्कलदाढ आडवी वाढलेली, गाल सुजलेला, घास जाईना. सुईची तिला पहिल्यापासून धास्ती. वसमतच्या एका दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "शिरेतून थोडं झोपेचं औषध देऊ. कळणारही नाही."

बीपीची गोळी चालू आहे का, एवढंच विचारलं. हिरडी बधिर केली, मग शिरेत इंजेक्शन दिलं. डॉक्टर दाढेत गुंतलेले, मदतनीस मुलगी लाळ ओढायची नळी धरून. मी दारात उभा होतो. आई घोरायला लागली, ते नेहमीचंच. मग घोरणं एकदम थांबलं. छाती वरखाली होत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. ओठ काळसर पडले. मी ओरडलो. डॉक्टरांनी हातातलं टाकून तिची हनुवटी उचलली, जबडा पुढे ओढला, हाका मारल्या. खरखर करत श्वास आला. ऑक्सिमीटर कपाटात पडलेलं होतं. ऑक्सिजनचं सिलिंडर तिथं नव्हतंच. दाढ तशीच ठेवून आम्ही घरी आलो. रात्रभर मी तिच्या उशाशी बसलो.

सूज उतरल्यावर नांदेडला गेलो. तिथं दाढ काढणारे सर्जन वेगळे, भूलतज्ज्ञ बाई वेगळ्या. बाईंनी निवांत विचारलं, "मावशी, रात्री घोरता का? झोपेत दचकून उठता का?" आईला तोंड उघडायला लावून तिचीच तीन बोटं उभी बसतात का ते पाहिलं. गुटख्यानं तोंड उघडेनासं झालेले पेशंट आपल्याकडं कमी नाहीत; त्यांच्या घशात नळी घालायची वेळ आली तर फार अवघड जातं, म्हणाल्या. घोरणाऱ्याला झोपेचं औषध दिलं की जीभ मागं पडून श्वासाची वाट बंद होऊ शकते. दाढेचं रक्त-पाणीही त्याच वाटेवर. म्हणून त्यांनी झोपेचं औषध टाळलं. लिग्नोकेननं जबडा बधिर करून, बोटाला ऑक्सिमीटर लावून, जागेपणीच दाढ काढली. आई माझा हात घट्ट धरून होती, पण दुखलं नाही म्हणाली.

नंतर साडूच्या मुलाची दाढ निघायची होती. त्यालाही झोपेचं औषध देणार होते. मी आधीच फोन करून विचारलं: काम चालू असताना श्वासावर लक्ष ठेवायला वेगळं माणूस असेल का? ऑक्सिजन, औषधाचा असर उतरवणारं इंजेक्शन तयार असतं का? जेवण सहा तास, पाणी दोन तास आधी बंद करायचं ना? पहिल्याच प्रश्नाला "गरज पडत नाही" असं उत्तर आलं. त्याला आम्ही नांदेडलाच नेलं.