आपलं गाव कोणतं?

माझा मुलगा तिसरीत आहे. मागच्या महिन्यात शाळेतून गृहपाठ आला – आपल्या गावाचा नकाशा काढा आणि त्याची माहिती लिहा. वही माझ्यापुढे सरकवत त्याने विचारलं, ''आई, आपलं गाव कोणतं?''

मला चटकन उत्तर सुचेना. माझ्या माहेरचं गाव पळसदेव, इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात जुनं गाव बुडालं आणि वस्ती वर सरकली. पाणी आटलं की तिथलं जुनं दगडी देऊळ अजूनही डोकं वर काढतं. मुलाने ते पाहिलेलंच नाही. त्याला ठाऊक आहे तो फरीदाबादचा सेक्टर आणि आमचा फ्लॅट नंबर.

''रविवारी एक गाव बघून येऊ,'' यांनी तोड काढली.

सूरजकुंडची जत्रा १९८७ पासून भरते. आम्हीही तिथे नेमाने जातो. पण तिथून जवळच अरवलीच्या टेकड्यांत अनंगपूर आहे, तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. करडा-तांबूस कठीण खडक, काटेरी कीकर आणि उतारावर दाटीने वसलेली गुर्जरांची घरं. गावाला नाव मिळालं ते तोमर राजा अनंगपालाचं. मेहरौलीच्या लोहस्तंभावर १०५२ सालाच्या नोंदीतही अनंगपाल हे नाव कोरलेलं आहे. माणसाची वस्ती तर त्याहूनही जुनी. इथे अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत.

गावाबाहेर अरुंद घळीच्या तोंडावर अनंगपालाच्या नावाने ओळखला जाणारा दगडी बंधारा आहे. टेकड्यांवरून धावत येणारं पावसाचं पाणी अडवायचं आणि मोऱ्यांतून हवं तेवढं सोडायचं, अशी त्याची योजना. मुलगा पायऱ्या मोजत राहिला. माझ्या मनात मात्र उजनी होतं.

परतताना एका दारात खाटेवर बसलेल्या बाबांनी हाक मारली. ताक आलं. मुलाची वही पाहून ते म्हणाले, ''बेटा, नकाशात माझं घरही काढ. उद्या असेल-नसेल.''

त्यांच्या बोलण्यामागे कारण होतं. १९०० सालच्या पंजाब भूमी संरक्षण कायद्याच्या विशेष आदेशांखालची जमीन वनजमीनच मानावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. त्यानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात इथली बांधकामं पाडायला सुरुवात झाली आणि जुलैत गावाने महापंचायत भरवली. अरवलीचं रान वाचायलाच हवं. दगडांच्या खाणींनी हे डोंगर किती पोखरले, ते इथे डोळ्यांना दिसतं. फार्महाऊस आणि लग्नाचे हॉल रानात उभे राहिले, हेही खरं. पण पिढ्यान् पिढ्यांचं घर आणि काल उठलेला हॉल एकाच मापाने मोजायचे का? बाबांना मी काहीच उत्तर देऊ शकले नाही.

घरी येताच मी वडिलांना फोन लावला. ''अप्पा, जुन्या गावात आपलं घर नेमकं कुठे होतं?'' क्षणभर पलीकडे शांतता होती. मग ते बोलतच राहिले. देवळामागची गल्ली, चौथं घर, दारात चिंच, खाली नदीची वाट. पाण्याखाली गेलेलं सगळं त्यांना पावलांनिशी पाठ होतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं!

मुलाने दोन नकाशे काढले. एकात बंधारा, टेकडी आणि बाबांची खाट. दुसऱ्यात चिंचेचं झाड, आणि त्याच्यावरून फिरवलेला निळा रंग.

वाचकहो, तुमच्याही घरात असा नकाशा कुणाच्या तरी आठवणीत असेल. सांगणारं माणूस आहे तोवर कागदावर उतरवून घ्या.