सरळ आणि समांतर

माणसाची चाल ओळखायची असेल तर त्याच्या वहाणांच्या टाचा पाहाव्यात. कुणाची टाच बाहेरून झिजते, कुणाची आतून. सारखी झिजलेली टाच मला तरी क्वचितच दिसली. शाळेच्या पायरीशी उतरवलेल्या वहाणा न्याहाळणे हा माझा जुना छंद. पण वहाणेहूनही बोलकी वस्तू म्हणजे उसाच्या ट्रॉलीचा टायर!

दिवाळी आली की आमच्याकडे फराळाच्या वासात वंगणाचा वास मिसळतो. गळिताचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि वेल्डिंगच्या दुकानापुढे ट्रॉल्यांची रांग लागते. गेल्या वर्षी त्या रांगेत माझ्या धाकट्या भावाची ट्रॉली होती. लागोपाठ दोन आस, चार चाके. कर्ज काढून घातलेले टायर एकाच हंगामात एका कडेने गोटा झाले होते. नवे घ्यावेत तर दुसरे कर्ज. तसेच दामटावेत तर भरल्या ट्रॉलीखाली टायर फुटण्याची धास्ती. बाप म्हणे, पोरगा ट्रॉली खड्ड्यात आदळतो. पोरगा म्हणे, बाबा मापाबाहेर ऊस भरतात. महिनाभर दोघांत बोलणे नव्हते.

मिस्त्रीने दोघांचेही ऐकून घेतले आणि टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने हात गुळगुळीत गेला. उलट फिरवताच करवतीसारखा खरखरला.

"टायर खोटं बोलत न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. "हवा कमी आसती तर दोन्ही कडा झिजल्या आसत्या, जास्त आसती तर मधला पट्टा. ह्यो आडवा घासतोय."

रिकामी ट्रॉली सपाट जागी घेऊन त्याने टेपचे एक टोक भावाच्या हाती दिले, दुसरे पुतण्याच्या. दांडीच्या कड्यापासून पुढच्या आसाची दोन्ही टोके सारख्या अंतरावर हवीत. म्हणजे मी वर्गात फळ्यावर काढतो तोच समद्विभुज त्रिकोण! तो बरोबर जुळला. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, आधी डावीकडे, मग उजवीकडे. एक आकडा बापाने सांगायचा, एक मुलाने. न बोलून चालेना! फरक निघाला ३ सेंटिमीटर, म्हणजे फार तर दोन बोटे.

मागच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटला होता आणि यू-बोल्ट ढिले पडून आस सरकला होता. "दणक्यानं की वजनानं?" दोघांनी एकदमच विचारले. मिस्त्री म्हणाला, "दोन्हीनं."

एकाच आसाची ट्रॉली असती तर ती तिरकी चालली असती, पण टायर फारसे झिजले नसते. दोन आस असले की गोष्ट निराळी. पावणेदोन मीटर रुंदीवर ३ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश. एका अंशाने फाकलेल्या दोन वाटा किलोमीटरमागे १७ मीटरांनी दुरावतात. पण दोन्ही आस एकाच सांगाड्याला बांधलेले! दुरावता येत नाही, म्हणून तेवढे अंतर टायर रस्त्यावर आडवे घासून भरून काढतात.

बोल्ट बदलला, आस जागी आणला, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. "पहिल्या खेपेनंतर पुन्यांदा आवळा," मिस्त्रीने बजावले.

सुतासारखा सरळ, अशी आपण माणसाची वाखाणणी करतो. माझा भाऊ तसा आहे, पुतण्याही तसाच. एकट्याने चालायचे तर तेवढे पुरते. एका सांगाड्याखाली दोघांनी ओझे वाहायचे, तर सरळ असून भागत नाही. समांतरही असावे लागते. आणि ते एकदा जुळवून संपत नाही. ओझे पडले की नट थोडे ढिले होणारच. वर्षाकाठी सारे घर एका पंगतीला बसते, ते तरी दुसरे कशासाठी?