वापरून पाहिलं, मग लिहिलं

मी वर्ध्याची, असं सांगितलं की पुण्यातल्या ऑफिसात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘म्हणजे सेवाग्राम? बापूकुटी?’ हो, तेच. पण हल्ली मी त्यांना एका पेनाची गोष्ट सांगते.

पेन वर्ध्यात बनलेलं नाही. ते गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीचं. तिथे कोसुरी वेंकट रत्नम यांनी १९३२च्या सुमारास पेन बनवायला सुरुवात केली. गांधीजींनी त्यांना टाचणीपासून पेनपर्यंत काहीतरी देशी, रोजच्या कामाचं बनवा असं सुचवलं होतं, असं सांगतात. टाचणी सोपी होती म्हणा! रत्नम यांनी पेन निवडलं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याची कांडी लेथवर फिरवून हातानं आकार द्यायचा, आतून पोकळ करायची, आटे पाडायचे. आत ना रबरी पिशवी, ना पंप. ड्रॉपरने शाई सरळ नळीत भरायची.

त्यातलं एक पेन रत्नम यांनी गांधीजींना पाठवलं. ते आलं जे. सी. कुमारप्पांमार्फत. हा माणूस मला फार आवडतो. लंडनमध्ये अकाउंटन्सी, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. आपल्या भाषेत एकदम ‘हॉट सीव्ही’. आणि हे महाशय वर्ध्याच्या मगनवाडीत बसून तेलघाणी, गूळ आणि हातकागदाचा हिशोब करत होते. १९३४च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते सचिव होते. गांधीजींचा मुक्कामही तेव्हा मगनवाडीत. सेगावला ते गेले १९३६मध्ये, आणि सेगावचं सेवाग्राम झालं १९४०मध्ये.

गंमत म्हणजे त्या दिवसांत गांधीजी फाउंटन पेनाच्या नव्हे, बोरूच्या बाजूने होते. अशा माणसाकडे पेन पाठवायचं म्हणजे कठीण गिऱ्हाइकाच्या दारात जाणंच. १६ जुलै १९३५ला वर्ध्याहून त्यांचं उत्तर गेलं. आभार, पेन वापरलं, आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं. बस. ‘अप्रतिम’ नाही, ‘देशाचा अभिमान’ नाही. आजच्या जाहिरातवाल्याने हे वाक्य परत पाठवलं असतं. रत्नम यांच्या घराण्याने मात्र ते पत्र जिवापाड मिरवलं. मला वाटतं, त्यातला सगळ्यात किमती शब्द ‘वापरलं’ हाच आहे.

हे सगळं मला आठवायचं कारण माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून तो वर्ध्याला परतला आणि हातकागदाच्या डायऱ्या बनवायला लागला. बाबा त्या विषयावर जेवताना बोलत नाहीत. आईचं एकच, ‘घेणार कोण?’ मावश्यांनी दोन-दोन घेतल्या आणि फडताळात ठेवल्या. मैत्रिणींनी फोटो काढून ‘सो क्यूट!’ म्हटलं. आता त्याला मशीनसाठी पैसे हवेत आणि त्याने ते माझ्याकडे मागितलेत. माझ्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले. देताना डोळे मिटून द्यावेत इतकी काही मी मोठ्या मनाची नाही.

म्हणून मी महिनाभर त्याची डायरी वापरली. ऑफिसच्या मीटिंगा, किराणा, ईएमआयची गणितं, सगळं तिच्यात, आणि रत्नमच्याच पेनाने. बोटं निळी झाली, पण पेन छान चालतं. कागद मात्र सगळीकडे सारखा नाही. काही पानांवर अक्षर सुरेख उठतं, काहींवर शाई अशी पसरते की ‘४०’चे ‘४८’ दिसतात. शिवण पक्की आहे, डायरी सपाट उघडते. किंमत मात्र माझ्यासारख्या पगारदारालाही विचार करायला लावणारी आहे.

हे सगळं त्याच्याच डायरीतल्या पानावर लिहून पाठवलं, पसरलेल्या शाईसकट. पैशांचं काहीच लिहिलं नाही.

चार दिवसांनी त्याचा फोन. ‘ताई, खळ कमी पडून राहिली आहे कागदाला. नवीन घाणा काढतो. तू ते पेन घेऊनच ये दिवाळीले.’


मशीनचा विषय त्यानेही काढला नाही. मी नागपूरचं तिकीट काढलंय, शाईची बाटली हँडबॅगेत चालते का ते बघायचंय.