गोळी लिहून द्या ना, डॉक्टर

परवा रात्री पावणेनऊला शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात एक मावशी गाल धरून आत आल्या. खालची दाढ, तीन रात्री झोप नाही. हातात गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. पाहिलं तर ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल. म्हणजे जुलाबावर देतात तीच.

"मावशी, ही कुणी सांगितली?"

"तुम्हीच की! मागच्या वर्षी दिली होती. रिकामं पाकीट दाखवलं, मेडिकलवाल्यानं दिली."

जुनं कार्ड काढलं. खरंच मीच. माझंच अक्षर, पाच दिवसांचा कोर्स, खाली 'रूट कॅनालसाठी या'. त्या आल्या नाहीत. का येतील? दुखायचं थांबलं होतं ना!

आता हे जरा नीट सांगतो, कारण इथेच सगळी गंमत आहे. कीड आत नसेपर्यंत पोचली की नस सुजते. चारी बाजूंनी कडक दात, सूज जाणार कुठे? म्हणून ठणका लागतो. या टप्प्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कारण हे सुजेचं दुखणं आहे. काही दिवसांनी नस मरते आणि ठणका आपोआप थांबतो. पेशंटला वाटतं गोळीने थांबला. खरं सांगायचं तर अनेक डॉक्टरांनाही तसंच वाटतं. आणि नस मेली की दाताच्या आत रक्तपुरवठाच उरत नाही. गोळी रक्तातून जाते. रक्तच पोचत नाही तिथे ती पोचणार कशी? जंतू आत मजेत राहतात आणि वर्षभराने मुळाशी पू धरतो. मावशींचं तेच झालं होतं.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली हे लिहूनच दिलंय. प्रतिकारशक्ती ठीक असलेला प्रौढ माणूस, ताप वगैरे नाही, आणि दातावर लगेच उपचार होऊ शकत असतील, तर दातदुखीला किंवा दातापुरत्या सुजेला अँटिबायोटिक देऊ नका. दात उघडा, पू काढा, नाहीतर दात काढा.

मग आम्ही का लिहितो? बावीस वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतोय, आतलं सांगतो. दात उघडायला अर्धा तास लागतो, चिठ्ठी लिहायला एक मिनिट. बाहेर आठ जण बसलेले. पेशंटला उद्या पुतण्याच्या हळदीला जायचंय. आणि भीती! रविवारी गाल सुजला तर "डॉक्टरांनी साधी गोळीपण दिली नाही" हे गावभर होणार. दाढ काढल्यावर सरसकट पाच दिवस देतात, त्यामागे आणखी एक कारण असतं, जे कुणी बोलत नाही. आपल्या ऑटोक्लेव्हवर आपलाच पुरता भरवसा नसतो. तिथली कसर गोळीने भरून काढायची. (या वाक्यावर काही मित्र फोन करतील. करा.)

माझे डोळे दोन वर्षांपूर्वी उघडले. वडिलांना लघवीचा संसर्ग झाला, ॲडमिट करावं लागलं. कल्चरचा रिपोर्ट हातात आला. औषधांची नावं एकाखाली एक आणि समोर आर, आर, आर. रेझिस्टंट. त्यातली निम्मी नावं मी रोज लिहितो. त्यांना हे माझ्या चिठ्ठ्यांमुळे झालं असं म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण घरात कुणाचा दात दुखला, घसा दुखला की माझ्याच ड्रॉवरमधल्या सॅम्पलच्या गोळ्या जायच्या. शेवटी सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं दिली तेव्हा ते घरी आले.

गैरसमज नको. सूज गळ्याकडे उतरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतोय, तर अँटिबायोटिक लागतंच, आणि तेव्हा वाट बघायची नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर दात काढण्याआधी एक डोस द्यावाच लागतो. एक डोस. पाच दिवस नाही. केमो चालू असेल किंवा साखर हाताबाहेर असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा कायदा आहे, पाकिटावर लाल रेघही असते. रिकामं पाकीट ही चिठ्ठी नव्हे. पण मेडिकलवाल्याला तरी काय बोलू, पहिलं पाकीट माझंच होतं.

असो. मावशींना खुर्चीवर घेतलं, दाढ उघडली. पू बाहेर आला तसा पाच मिनिटांत चेहरा सैल झाला. ॲसिडिटी, बीपी, किडनी विचारून घेतलं आणि दुखण्याची एकच गोळी लिहिली.

"आणि ती मोठी गोळी?"

"नाही लागणार."

त्यांना ते पटलं नाही, चेहऱ्यावरच दिसत होतं. शटर ओढताना बघितलं तर मावशी समोरच्या मेडिकलवर उभ्या होत्या. चिठ्ठीवर औषध एक. तो दोन स्ट्रिपा कापत होता.

सोमवारी बोलावलंय. येतील की नाही, बघू.