दहा टक्क्यांची रेघ

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं अजून व्हायचंय. त्यामुळे सध्या उपग्रहाची प्रत्येक इमेज मला दोन तऱ्हांनी दिसते. एफसीसीमध्ये, म्हणजे झाडं लाल दाखवणाऱ्या कृत्रिम रंगांच्या चित्रात, उघड्या जमिनीचा जो निळसर राखाडी रंग उजव्या डोळ्याला लख्ख दिसतो, तो डाव्याला पिवळट, मळका दिसतो. त्या मळक्या रंगावर विरळ झाडांची लाली जरा जास्तच भरते. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या एका उतारावर डावा डोळा मिटला की मला झुडपी जमीन दिसते, उजवा मिटला की विरळ जंगल. दाट रानात एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. कोरड्या मुलखात सगळा निवाडा एवढ्याशाच फरकावर होतो.

जंगल म्हणायची भारतीय वन सर्वेक्षणाची रेघ झाडांच्या १० टक्के छत्रावर आहे. पाच मीटर व्यासाची झाडं धरली तर हेक्टरी पन्नास. उपग्रहावरच्या लिस-थ्री कॅमेऱ्याच्या साडेतेवीस मीटरच्या पिक्सेलमध्ये तर ती तीनसुद्धा भरत नाहीत; बाकी सगळी जमीन. आणि जमीन काही एका रंगाची नाही. मुरमाड टेकाड उजेड परत फेकतं, काळी माती तो गिळून टाकते, म्हणून तेवढ्याच झाडांचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, काळ्या मातीवर चढतो आणि मुरमावर उतरतो. ह्युएट यांनी १९८८ साली मातीचा हा परिणाम कमी करणारं सूत्र दिलं. त्यातला स्थिरांक सगळे डोळे झाकून ०.५ ठेवतात. खानदेशात एकाच टेकडीचा माथा आणि पायथा दोन वेगळे आकडे मागतात.

माती एक वेळ सांभाळता येते, मला छळलं ते तारखेने. ऑक्टोबरचं चित्र घ्यावं तर गवत हिरवं, शेतात तूर-कापूस हिरवा, त्यात झाड हरवतं. एप्रिलचं घ्यावं तर सालई निष्पर्ण, आणि वणव्याने काळे झालेले पट्टे. अंजन पानं टाकतो आणि लगेच नवी धरतो. सालई थंडी सरता सरता उघडी पडते ती थेट पावसापर्यंत. गवत वाळलेलं आहे आणि सालईवर अजून पानं आहेत, एवढीच काय ती फट. ती साधारण डिसेंबर-जानेवारीत सापडते, तर तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि उत्तरेकडच्या उतारावरची सावली दाट जंगलाचं सोंग घेते. पाऊस लवकर गेला त्या वर्षी ती फटही सरकते. एकाच उतारावर अंजनाची तारीख वेगळी, सालईची वेगळी. मग त्या उतारावर जंगल आहे की नाही, याचं एक उत्तर मी कोणत्या तारखेला द्यायचं?

हल्लीच्या नकाशांवर माझा राग आहे तो यासाठी. वर्षभराची सगळी दृश्यं घेतात, मध्यक काढतात आणि एक स्वच्छ चित्र हातात ठेवतात. पण त्या मधल्या दिवशी रानात कोणतंच झाड उभं नसतं. २०२० साली पश्चिम आफ्रिकेच्या सहारा-साहेलमध्ये संशोधकांनी मशीनकडून १८० कोटी झाडं एकेक करून मोजली. तो पेपर वाचून मला हेवा वाटला, अजूनही वाटतो. पण तिथे गवत वाळल्यावरही झाडं हिरवी असतात आणि त्यांनी नेमका तोच मोसम निवडला. ते यश मशीनइतकंच तारखेचं आहे. आपल्याकडे मशीनचं तेवढं कौतुक होतं.

आणि रेघेखाली जे राहतं त्याला आपण रिकामं समजतो. सोलापूरकडच्या माळरानांवर गिरिपुष्प लावलं गेलं ते याच समजुतीतून. नकाशावर छत्र वाढलं, माळढोकाचा माळ गेला.

माझी विद्यार्थिनी म्हणते, "सर, एक रेघ कशाला? प्रत्येक पॉलिगॉनला तीन तारखा आणि तीन उत्तरं लिहू या." तिचं बरोबर आहे. राज्याच्या जंगलाचा आकडा दोन वर्षांत थोडा सरकला की अभिनंदन किंवा ओरड सुरू होते. सोबत तारखा असत्या तर त्यातलं झाड किती आणि पाऊस किती, हे तरी विचारता आलं असतं. तरी मला ते जड जातं. लाइट टेबलवर आयआरएस उपग्रहांच्या छापील इमेज पसरायचो तेव्हापासून ऑफिसात वाद झाला की इमेज माझ्यापुढे यायची. मी टोन बघायचो, पेन्सिल उचलायचो आणि वाद मिटायचा. त्या क्षणाची मला चटक लागली होती. तीन उत्तरं देणाऱ्या माणसाकडे कोणी इमेज घेऊन येत नाही.

तिचं मॉडेल माझ्याच जुन्या पॉलिगॉनवर शिकलंय. ते एकदा नीट तपासायला हवेत, असं ती म्हणते, आणि हवेतच. पण परवा तिच्या स्क्रीनवर मशीनने लळिंगच्या टेकड्यांभोवती काढलेली हद्द पाहिली. ओढ्याशी आत वळणारी, कड्याखाली जराशी सैल सोडलेली. ती वळणं माझी आहेत. तपासणीची यादी तिने मला दिली आहे, आणि लळिंगचं नाव मी त्यात सगळ्यात शेवटी टाकलंय.